बेटावरच्या लोकांची भाषा घडवते आहे, शब्द कुठून आणू?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी,

मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिते आहे. जग पूर्णपणे कल्पनेतलं. निमूर नावाच्या बेटावर मीठ पिकवणारे लोक राहतात. समोरच्या किनाऱ्यावर उंच कडे आहेत आणि त्या कड्यांवर गुरं राखणारे डोंगरी लोक. पावसाळा संपला की दोघांचा एकत्र बाजार भरतो, आणि कथा त्या बाजारात सुरू होते. मी स्वतः रायगड जिल्ह्यात वाढले, मिठागरं लहानपणापासून पाहत आले. त्यामुळे बेट, वारा, चिखल, मिठाचे ढीग हे सगळं मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतं. अडलंय ते भाषेपाशी.

दोन्ही लोकांना आपापली बोली असावी असं मला मनापासून वाटतं. पानोपानी संवाद त्या भाषेत नकोत, पण गावांची नावं, शिव्या, प्रार्थना, पदार्थ, हत्यारं, नाती, एखादं बडबडगीत एवढं तरी तिच्यात हवं. कोणते आवाज वापरायचे हे ठरलं आहे: टठडढ नाहीत, जोडाक्षरं कमी, शब्दाच्या शेवटी बहुधा ल, र, न. त्या आवाजांतून शब्दांची यादीही केली आहे. एकेक शब्द सुटा वाचला तर कानाला गोड लागतो, पण ओळीने दहा शब्द वाचले की ते एका घरचे वाटत नाहीत. होडीच्या शब्दाचा वल्ह्याच्या शब्दाशी काही संबंध नाही, मिठाचा समुद्राशी नाही. आपल्या मराठीत कसं, कुंभार म्हटलं की कुंभ ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट. पहिली दोन प्रकरणं एका मुलांच्या मासिकात छापून आली आहेत, त्यामुळे 'निमूर' हे नाव आता बदलता येणार नाही.

शब्द घडवण्याची काही पद्धत असते का? शब्दांच्या मागे व्युत्पत्ती उभी करायची तर सुरुवात कुठून करायची? ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांचा भाषेचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. लांबलचक उत्तरं वाचायला मला आवडतात.


हिरवा तारा:

मी एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकलो आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो.

वॉर्सामधले डोळ्यांचे डॉक्टर झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हा पहिल्या पुस्तिकेत व्याकरणाचे 16 नियम आणि जेमतेम नऊशेच्या आसपास धातू, म्हणजे शब्दांची मुळं, होते. एवढ्यात भागलं, कारण त्यांनी धातूंबरोबर प्रत्यय आणि उपसर्गही दिले. 'साना' म्हणजे निरोगी. 'माल' लावला की उलट अर्थ, म्हणून 'मालसाना' म्हणजे आजारी. 'उल' म्हणजे तसा माणूस, 'मालसानुलो' म्हणजे रुग्ण. 'एय' म्हणजे जागा, 'मालसानुलेयो' म्हणजे रुग्णालय. एका धातूवर चार मजली इमारत उभी राहिली, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ती उलगडता येते.

तेव्हा माझा सल्ला असा: आधी प्रत्यय ठरवा. 'करणारा', 'जागा', 'साधन', 'लहान', 'मोठा', 'उलट' हे सहा ठरले की होडी, नावाडी, बंदर, वल्हं हे चारही शब्द एकाच धातूतून येतील. तुमची 'एका घरचे नाहीत' ही तक्रार तिथेच मिटेल.

धातू उचलताना एक काळजी घ्या. एस्पेरांतोच्या सातेक वर्षं आधी श्लायर या जर्मन धर्मगुरूने व्होलापुक नावाची भाषा केली होती. त्यातला 'व्होल' इंग्रजी 'वर्ल्ड'वरून आणि 'पुक' इंग्रजी 'स्पीक'वरून घेतलेला. पण शब्द इतके छाटले की मूळ कुणालाच ओळखू येईना, आणि सगळंच पाठ करायची वेळ आली. झामेनहॉफनी उलट केलं. कुत्र्याला 'हुंदो', जर्मन येणाऱ्याला लगेच कळतं.


जुनीपोथी:

खाडीकाठ, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी महाविद्यालयात बरीच वर्षं प्राकृत आणि मराठीचा इतिहास शिकवला. शब्दांची वंशावळ हा माझा जिवाभावाचा विषय आहे, म्हणून मोठं लिहिते.

हिरवा तारा यांनी सांगितलेले प्रत्यय हवेतच. पण त्यांच्या पद्धतीने झालेली भाषा काल बांधलेल्या घरासारखी दिसते, प्रत्येक वीट जागच्या जागी. एस्पेरांतोला तेच हवं होतं, कारण ती पटकन शिकता यावी हा तिचा हेतू. तुमचे बेटावरचे लोक मात्र तिथे शेकडो वर्षं राहताहेत. त्यांच्या तोंडात शब्द झिजले असणार. तुम्हीच कुंभाराचं उदाहरण दिलंत, पण त्यातला 'कार' कुठे ऐकू येतो? कुंभकार, सुवर्णकार, लोहकार, चर्मकार यांचे कुंभार, सोनार, लोहार, चांभार झाले. चारही ठिकाणी 'क' एकाच पद्धतीने गळला. माहेर घ्या. मातृगृह, म्हणजे आईचं घर. देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ. आज माहेर म्हणताना कुणी त्याचे दोन तुकडे करत नाही, तरी त्यात आई आहे आणि घर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शब्द बनवूच नका. शब्दांचे पूर्वज बनवा, झिजण्याचे नियम ठरवा, आणि मग शब्द आपोआप काय होतात ते पाहा.

नियम म्हणजे काय ते मराठीतूनच पाहू. मत्स्यचा प्राकृतात मच्छ झाला, आणि मराठीने त्या छ चा स किंवा श केला: मासा. वत्स, वच्छ, वासरू. इक्षु, उच्छु, ऊस. मक्षिका, मच्छिआ, माशी. क्षेत्र, छेत्त, शेत. क्षुरिकेची सुरी. हिंदीकडे पाहा: मछली, बछड़ा, मक्खी, खेत, छुरी. तिथे कुठे छ राहिला, कुठे मुळातच ख चा रस्ता धरला. शेत आणि खेत सख्खे भाऊ आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यातला फरक नियमाने आलेला आहे. तुमचे बेटकर आणि डोंगरी लोक एकाच पूर्वजांचे असतील तर त्यांच्या बोलींत असाच फरक पडला पाहिजे. मग मुलं वाचता वाचता स्वतःच जोड्या लावू लागतील. त्या वयात हा शोध लागण्यासारखं दुसरं सुख नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी हेच केलं, आणि ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते म्हणून फार कसून केलं. तरुणपणी त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी व्युत्पत्ती लिहिण्याचं काम केलं होतं. त्यांच्या गोष्टींतल्या एल्फ नावाच्या काल्पनिक लोकांच्या दोन भाषा, क्वेन्या आणि सिंदारिन, एकीचा नाद फिनिश भाषेवरून घेतलेला, दुसरीचा वेल्शवरून. पण दोघींचे शब्द एकाच मुळापासून काढलेले. झाडाचं मूळ 'गलदा'. क्वेन्यात सुरुवातीचा ग गळतो, मधला अ गळतो: 'अल्दा'. सिंदारिनमध्ये ग राहतो, शेवटचा स्वर जातो, द चा घासून ध सारखा उच्चार होतो: 'गलध'. असे शेकडो शब्द त्यांनी मुळांच्या यादीत मांडून ठेवले होते. ती यादी त्यांच्या मृत्यूनंतर 1987 मध्ये छापली गेली. वाचकाला ती माहीत असायची गरज नव्हती, तरी नकाशावरची कितीतरी नावं तिच्यावर उभी होती.

आता तुमचं निमूर. ते बदलता येत नाही ना, मग तिथूनच उलटं चालू. समजा फार जुन्या काळी 'निमा' म्हणजे पांढरा आणि 'उरु' म्हणजे काठ. 'निमाउरु', पांढरा काठ, कारण मिठाचे ढीग लांबून दिसतात. नियम पहिला, दोन्ही बोलींना लागू: आ च्या पुढे दुसरा स्वर आला तर आ गळतो. निमुरु. नियम दुसरा, तोही दोघांना लागू, पण सगळ्यात शेवटी: शब्दाच्या टोकाचा ऱ्हस्व स्वर पडतो. निमूर. झालं की तुमचं बेट.

पुढे एक शब्द घेऊ: 'केलु' म्हणजे पाणी. 'निमाकेलु', पांढरं पाणी.

बेटावरचे नियम असे ठेवू. दोन स्वरांमधले क, त, प मऊ होऊन ग, द, ब होतात. मग चार अक्षरी शब्दात दुसऱ्या अक्षराचा स्वर पडतो. मग टोकाचा स्वर पडतो. निमाकेलु, निमागेलु, निम्गेलु, निंगेल. हा क्रम जपा. दुसऱ्या अक्षराचा स्वर आधी पाडलात तर क दोन स्वरांच्या मध्ये उरतच नाही, तो मऊ होणार नाही आणि हातात 'निंकेल' येईल. नियम तेच, क्रम वेगळा, की बोली वेगळी.

डोंगरातले नियम: शब्दारंभीच्या न चा ल होतो. (आपल्याकडे निंबाचा लिंब झाला आणि नवनीताचं लोणी झालं, तेव्हा हे अघटित नाही. उलट दिशेने लांगलाचा नांगरही झाला.) दोन स्वरांमधले क, त, प साफ गळतात, महाराष्ट्री प्राकृतात बरेचदा गळत तसे. दोन स्वरांमधल्या ल चा र होतो. निमाकेलु, लिमाकेलु, लिमाएलु, लिमाएरु, आणि मग आ गळून, टोकाचा उ पडून 'लिमेर'. याच हिशेबाने डोंगरी लोक तुमच्या बेटाला 'लिमूर' म्हणतील. एका बेटाची दोन नावं, दोन्ही बरोबर.

यानंतर अर्थ. आवाज झिजतो तसा अर्थही सरकतो, आणि खरी गोष्ट तिथे सापडते. तेल हा शब्द तिळावरून आला. आज आपण खोबऱ्याचं, करडईचं, मोहरीचं तेल म्हणतो आणि तीळ कुणाच्या मनातही येत नाही. 'रॉक ऑइल'चं तर आपण रॉकेल करून टाकलं. शिक्षा म्हणजे संस्कृतात शिकणं, हिंदीत अजूनही तेच, मराठीत मात्र छडी. राजीनामा म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव कादंबरी, आणि आज तुम्ही लिहिताय त्या प्रकारच्या प्रत्येक पुस्तकाला आपण तेच नाव देतो. तर 'पांढरं पाणी' हे पूर्वजांच्या काळी लाटेवरचा फेस असेल. बेटावर पाणी आटून पांढरं उरतं, म्हणून निंगेल म्हणजे मीठ. डोंगरात समुद्रच नाही, तिथे लिमेर म्हणजे धारोष्ण दुधावरचा फेस. बाजारात बेटावरची मुलगी 'निंगेल' म्हणते, डोंगरातल्या मुलाला आपला शब्द कुठेतरी ओळखीचा वाटतो, पण अर्थ जुळत नाही. तुमचा पहिलाच प्रसंग तयार आहे.

उसने शब्द विसरू नका. डोंगरी लोकांना मीठ विकत घ्यावं लागतं, तेव्हा मालाबरोबर त्याचं नावही येणार: निंगेल. आणि इथे एक सुंदर गोष्ट घडते. न चा ल करण्याची त्यांची सवय केव्हाच संपलेली, त्यामुळे हा शब्द निंगेलच राहील. म्हणजे डोंगरी बोलीत न ने सुरू होणारा जो शब्द सापडेल तो बाहेरून आलेला. आपल्याकडे बटाटा, अननस, पाव, चावी, बादली, घमेलं, लिलाव, तुरुंग हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. बटाटा आणि अननस तर त्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून उचलले होते. कोण कुणाला काय विकत होतं, कोण कुणाला तुरुंगात टाकत होतं, हे शब्दांच्या यादीवरून वाचता येतं. तुमच्या डोंगरी बोलीत मीठ, होडी, जाळं, कदाचित कर्ज हे बेटावरून आलेले असू देत. बेटावर लोणी, लोकर आणि ढोल डोंगरातून येऊ देत.

कुठले शब्द आधी करायचे? मॉरिस स्वाडेश या भाषाशास्त्रज्ञाची शंभर शब्दांची एक यादी आहे: मी, तू, पाणी, आग, हात, डोळा, दोन, मोठा असे. भाषा सहसा हे शब्द लवकर बदलत नाहीत, म्हणून ते पूर्वजांकडून आलेले दाखवा. त्यानंतर ज्या कामावर त्या लोकांचं पोट आहे तिथे शब्दांची गर्दी करा आणि बाकी ठिकाणी हात आखडता घ्या. भरती-ओहोटीखेरीज उधाण आणि भांग हे वेगळे शब्द का लागतात, मतलई वारा कुठला आणि खारा कुठला, हे तुम्हाला खाडीकाठच्या माणसाला मी सांगायला नको. निमूरकरांना समुद्राच्या पाण्यासाठी सात शब्द असतील आणि गाय-म्हैस-बकरी मिळून एकच.


कीबोर्डवाला:

जुनीपोथी ताई, वाचून थक्क झालो. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

खाडीकाठ, मी संगणकवाला, पण काल्पनिक भाषांचं वेड जुनं आहे. दोन गोष्टी जोडतो.

आधी छापलेल्या नावांची अडचण मोठमोठ्यांना आली आहे. क्लिंगॉन भाषा मार्क ओक्रँड यांनी 1984 च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी घडवली, पण तिचे पहिले काही शब्द जेम्स डूहान या नटाने त्याच मालिकेतल्या 1979 च्या चित्रपटात बोलून टाकले होते. ओक्रँडनी ते फेकले नाहीत. त्या आवाजांना बसेल असंच व्याकरण केलं. आपल्याकडे मदन कार्की यांनी 'बाहुबली'तल्या कालकेयांसाठी किलिकी केली तेव्हा साडेसातशे शब्द तयार केले. त्यात 'मिन' म्हणजे मी आणि 'निम' म्हणजे तू, एक शब्द उलटा केला की दुसरा. पडद्यावर दोन मिनिटांत धाक बसवायचा तर हे फार चपखल आहे. तुमच्या कादंबरीत मात्र जुनीपोथी ताईंचाच रस्ता धरा, कारण वाचक तुमच्याबरोबर दोनशे पानं राहणार आहे.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाच्या कानाची. वरच्या नियमांनी 'केलु'चं डोंगरात 'केर' होतं आणि बेटावर 'केल'. आजीने नातवाला 'केर पी' म्हटलं की आपल्या मुलांना कचराच दिसणार. प्रत्येक शब्द कागदावर चढवण्याआधी मराठी, हिंदी आणि शाळेतल्या इंग्रजीत त्याचा काही भलता अर्थ निघतो का ते मोठ्याने वाचून बघा. शक्यतो एखाद्या सहावी-सातवीतल्या मुलाला वाचायला द्या. त्यांच्या कानातून काही सुटत नाही.

या वयाच्या मुलांना गुप्त भाषांची गोडी असतेच. 'च'ची भाषा आपण सगळेच बोललो: चझंतु चवना चयका. बेटावरच्या मुलांनाही अशी एक द्या. खऱ्या भाषेला थोडे शब्द असले तरी तिच्यातून पोरांची भाषा फुकट मिळते. मोठी माणसंही करतात हे. आपल्याकडे दुकानदार आणि दलालांची नंदभाषा होती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आकडे बोलता यावेत म्हणून त्यांनी अंकांना वेगळीच नावं दिली होती, एकाला 'केवली' म्हणत. मिठाच्या बाजारात हे शोभून दिसेल.


खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसले आणि उठवेना.

'केर'वर विचार केला आणि मला वाटतं शब्दाला शेपूट जोडली तर सुटेल. पूर्वजांच्या भाषेत 'का' असा एक प्रत्यय धरला, खास अर्थ नसलेला. 'केलुका'. बेटावर क मऊ होऊन 'केलुगा'. डोंगरात क गळून, ल चा र होऊन 'केरुआ', बोलताना 'केरुवा'. जोडशब्दांत मात्र जुना आखूड 'केलु'च राहिलेला. असं खऱ्या भाषांत होतं का?

दुसरा शब्द: 'दोपा' म्हणजे दगड. 'दोपाकेलु', दगडातलं पाणी, म्हणजे झरा. बेटावर दोबागेलु, दोब्गेलु, 'दोब्गेल'. डोंगरात दोआएलु, दोएरु, 'दोएर'. अर्थ असा ठरवलाय की डोंगरात दोएर म्हणजे झराच, रोजचा. बेटावर गोड्या पाण्याचा झरा एकच, म्हणून तिथे दोब्गेल हे जागेचं नाव झालं आहे, आणि लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा तिथे पाणी भरायला जाते. हे आधी माझ्या कथेत नव्हतं. शब्दातून आलं.

एक शंका राहिली. सगळे शब्द नियमांनी चालले तर भाषा फार शहाणी वाटेल का? नियमाबाहेरचे शब्द कसे आणायचे, की आणूच नयेत?


जुनीपोथी:

शेपूट अगदी योग्य जागी लावलीत. संस्कृतात मूळ अर्थाला धक्का न लावता क जोडण्याची पद्धत होती आणि बोलीत ती फार वाढली. घोटक, घोडअ, घोडा. मराठीतल्या पुष्कळ आकारान्त पुल्लिंगी शब्दांचा तो आ म्हणजे विरघळलेला क आहे. आणि जोडशब्दांत जुनं रूप टिकणं हे तर रोज ऐकतो. आपण दोन म्हणतो, पण दुपार, दुहेरी, दुपदरी यांत 'दु'च आहे. दुपार म्हणजे द्विप्रहर.

दोब्गेलचं वाचून अंगावर काटा आला. तिथे पाणी भरताना म्हणायचं गाणं लिहाच.

नियमाबाहेरचे शब्द जरूर आणा, पण प्रत्येकाला कारण असू द्या. मी तीन वाटा सांगते.

लहान मुलांच्या तोंडचे शब्द कुठलेच नियम पाळत नाहीत. मामा, काका, बाबा, दादा. तेच अक्षर दोनदा. प्रत्येक पिढीत मुलं ते नव्याने बोलतात, त्यामुळे ते झिजायचं राहून जातात. डोंगरात दोन स्वरांमधला प गळतो म्हणून 'पापा'चं 'पाआ' होईल, पण पाळण्यातलं मूल पुन्हा 'पापा'च म्हणेल. नात्यांचे असे दोन-तीन शब्द दोन्ही बोलींत सारखे ठेवा. बाजारात पहिली ओळख त्यांवरूनच पटेल.

दुसरी वाट म्हणजे आदराने हाक मारण्याचे शब्द. ते इतक्यांदा उच्चारले जातात की नियमाच्याही पुढे झिजतात. स्पॅनिशमध्ये 'आपली कृपा' अशा अर्थाचे 'व्हुएस्त्रा मेर्सेद' हे दोन शब्द होते, ते आवळून 'उस्तेद' झालं. बेटाच्या म्होरक्याला हाक मारायचा लांब शब्द करा आणि तो दोन अक्षरांवर आणा.

तिसरी मला सगळ्यात प्रिय आहे. जुना शब्द पोथीतून किंवा देवळातून परत येतो, न झिजलेला, आणि झिजलेल्या शब्दाच्या शेजारी बसतो. कर्म आणि काम. क्षेत्र आणि शेत. नांगर घेऊन जातो ते शेत, पादुकांच्या दर्शनाला जातो ते क्षेत्र. क्षण आणि सण सुद्धा एकच शब्द, संस्कृतात क्षण म्हणजे उत्सवही होता. राज्यकर्तेही असं करतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून. डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव, पेशव्याचा पंतप्रधान. पण लोकांनी पेशवा सोडला नाही, आणि पुढे सत्ताच त्या नावाने चालली. एका पदाला दरबारात एक नाव आणि रस्त्यावर दुसरं, हे तुमच्या बेटावरही असू शकतं.

तेव्हा निमूरच्या पुजाऱ्याला जुनी भाषा द्या. स्वयंपाकघरात निंगेल, पण पहिल्या मिठाच्या पूजेत तो 'निमाकेलु' असा पूर्ण उच्चार करेल, चारही अक्षरं, टोकाच्या उ सकट. डोंगरातली म्हातारी तिथे उभी असेल तर तिला निंगेल परकं वाटेल, लिमेर घरचं वाटेल, आणि निमाकेलु ऐकून दोन्ही एकच असल्याचं कळेल. ती हे कुणाला सांगते की नाही ते तुम्ही ठरवा.

एक कामाचं: वहीत प्रत्येक शब्दापुढे मूळ रूप, बेटावरचं रूप, डोंगरातलं रूप, दोन्हीकडचे अर्थ आणि शब्द उसना असेल तर कुणाकडून, असे रकाने आखा. तिसाव्या प्रकरणात पोचाल तेव्हा कुठला नियम आधी लागत होता हे आठवणार नाही, म्हणून नियमांचा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि हाकेचा शब्द झाला की इथे टाका, मी वाट पाहते आहे.